ज्याच्या घरचं पाणी प्यायलो

बुवा माणसांच्या कुंडल्या काढायचे. ग्रहताऱ्यांच्या नव्हेत, निवडणुकीच्या. समोर उभा आहे तो कोण, नगरसेवक असताना त्यानं काय केलं, काय केलं नाही, कुठल्या सभेत काय बोलला आणि दुसऱ्या दिवशी नेमकं उलटं कसा वागला, हे सगळं खणून काढायचं आणि आपल्या उमेदवाराच्या हातात द्यायचं. हल्ली याला 'रिसर्च' म्हणतात आणि ते करणारी मुलं एसीत बसून करतात. आमच्या नवी मुंबईत त्याला कुंडली काढणं म्हणायचे, आणि बुवा ते भर उन्हात, स्कूटरवरून करायचे. हे काम मी त्यांच्याबरोबर शिकले. ते सभ्य माणसाचं काम आहे असं मी आजही म्हणते. ज्याला हसायचंय त्यानं हसून घ्यावं.

बुवा हे त्यांचं नाव नव्हे. खाडीकाठच्या त्यांच्या गावात भजनी मंडळ आहे, तिथे ते पेटी घेऊन पुढे बसायचे, म्हणून बुवा. गावाचं नाव मी सांगणार नाही. आता त्या गावाला चारी बाजूंनी सेक्टरांनी वेढलंय, मिठागरं जाऊन तिथे टॉवर आलेत, पण गाव गावासारखंच वागतं.

मी वाशीच्या फ्लॅटात वाढलेली. आईवडील साताऱ्याकडचे, नोकरीसाठी इकडे आलेले. पत्रकारितेचा कोर्स करून मी घरी बसले होते, तेव्हा एका शेठच्या प्रचार कार्यालयात पत्रकं आणि भाषणं लिहायचं काम मिळालं. शेठ म्हणजे बुवांच्याच गावचा बिल्डर, बापजाद्यांच्या शेतजमिनीवर इमारती उभ्या करून मोठा झालेला. कार्यालय वाशीत. पहिल्या दिवशी तिथे गेले तर दारात एक काळासावळा, उंच, पांढरा शर्ट घातलेला म्हातारा उभा. खांद्याला रेक्झिनची पिशवी, तिच्यातून लोकरी कव्हर घातलेली स्टीलची बाटली डोकावत होती. लोकरीचा रंग इतका भडक केशरी की मला हसू आलं.

"हसतंस काय बाय," ते म्हणाले. "यो माझा पगारी नोकर हाय. इलेक्शन संपंपर्यंत यो सोडून मी कोनाचं पानी पीत नाय."

मला वाटलं पोट नाजूक असेल. तसं काही नव्हतं. ज्याच्या घरचं पाणी प्यायलो त्याची कुंडली काढायची नाही, असा त्यांचा नेम होता. आणि निवडणुकीत कोण कधी कुणासमोर उभा राहील याचा भरवसा नसतो, म्हणून आचारसंहिता लागली की बुवांचं सगळ्या गावाशी पाणी बंद. एक शेठचं घर तेवढं सोडून, कारण ज्याचं काम घेतलं त्याच्याकडे ते मुद्दाम जेवून घ्यायचे. पंचाईत अशी की त्यांच्या गावात दारात आलेल्याला पाणी दिल्याशिवाय कुणी राहत नाही. वैरी असला तरी पाणी देतात, मग भांडतात.

तुम्ही म्हणाल, कुंडली काढणाऱ्यानं त्या माणसाच्या दारात जायचंच कशाला? तिथेच तर बुवांचा चक्रमपणा होता. ते ज्याची कुंडली काढायचे त्याला आधी जाऊन सांगायचे. स्कूटर लावायची, उंबऱ्याबाहेर चपला पायात ठेवून उभं राहायचं आणि आवाज द्यायचा. माणूस बाहेर आला की, "शेठनी मना तुझी कुंडली काराला लावलीय. आतापावेतो ह्ये ह्ये सापरलं. तुला काय सांगायचं हाय?" त्यांच्या गावच्या बोलीत 'ड'-'ढ'चा बहुधा 'र' होतो, म्हणून काढायला ते 'काराला'. समोरचा चक्रावून जायचा. काही जण शिव्या द्यायचे, काही जण खरंच काहीतरी सांगायचे, आणि एकदोनदा तर समोरच्याचं खरं निघालं म्हणून बुवांनी आणलेली माहिती तिथल्या तिथे सोडून दिली. शेठ डोकं धरून बसायचा.

नेम गावभर आणि आसपासही माहीत असल्यामुळे लोकांनी त्याचा फायदा उठवायला कमी केलं नाही. खांदेश्वरच्या एका उमेदवारानं दारात खुर्ची मांडून सोललेलं शहाळं पुढे केलं. म्हणे हे घरचं पाणी नव्हे, झाडाचं आहे. बुवा विचारात पडले. मीही बाजूला उभी होते, मला ते पटण्यासारखं वाटलं. मग बुवा म्हणाले, "झाराचं हाय, खरं हाय. पन कोयता कोनाचा?" कोयता त्या घरचा होता. शहाळं मी प्यायले आणि बुवांनी केशरी बाटली उघडली.

उलव्यात मात्र ते फसले. वैशाखातलं ऊन, आजूबाजूला सगळी बांधकामं, सावलीचा पत्ता नाही. ज्याची कुंडली काढायची त्याच्याच बंगल्याबाहेर बुवा घेरी येऊन पडले. त्या माणसाची आई धावत आली, तिनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडावर पाणी मारलं आणि भांडं ओठांना लावलं. बुवा शुद्धीवर आले, भांड्याकडे बघितलं आणि तिकडे ज्याचं काम घेतलं होतं त्या उमेदवाराला तिथूनच फोन लावला. आपलं काम संपलं म्हणाले. तो फोनवर ओरडतोय ते मला बाजूला ऐकू येत होतं, बेशुद्धीत प्यायलेलं पाणी धरतात का म्हणून. "घशाखाली गेला ना?" बुवा म्हणाले आणि फोन ठेवला. त्या म्हातारीला त्यांनी वाकून नमस्कार केला. ती बिचारी घाबरली होती, तिला वाटलं आपलं काही चुकलं.

माणूस असा असला तरी कामाला तो तलवार होता, हे सांगितलं पाहिजे. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की भाबडा म्हातारा होता. आमच्याकडे चौकाचौकांत वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात. मधे 'भावी नगरसेवक' गॉगल लावून उभा आणि खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. सगळे लोक मधला फोटो बघतात. बुवा स्कूटर थांबवून खालची रांग वाचायचे. गेल्या वर्षी होता आणि यंदा नाही असा एक चेहरा त्यांना सापडला की ते खुशीत पेटीवर बोटं फिरवावीत तशी हँडलवर फिरवायचे. तो चेहरा का गळला, हे शोधत गेलं की अर्धी कुंडली तिथेच हाती यायची. आणि कामाला हात घालायच्या आधी ते आपल्याच उमेदवाराची कुंडली काढायचे. समोरचा काय काढेल ते आपल्याला आधी ठाऊक पाहिजे, म्हणायचे. शेठचं असं बरंच काही त्यांच्या डोक्यात होतं. लिहून ते काहीच ठेवत नसत.

मी एकदा विचारलं होतं, की काढायचं काय आणि सोडायचं काय, हे ठरवता कसं.

"चौकटीभाईर जे केलं ते सगलं आपलं," ते म्हणाले. "लोकांच्या पैशानी केलं, लोकांसमोर बोलला, लोकांच्या जागेत बांधलं, त्यावर सोरायचा नाय. फारून खायाचा. चौकटीच्या आत रडला, आजारी परला, बायकोशी भांडला, त्ये त्याचं."

"आणि आतलं बाहेर आलं तर?"

"आपन कोनी आनलं तरच येतंय ना भाईर."

आता ताईंकडे येते. शेठसमोर एका वर्षी ताई उभ्या होत्या. त्याच गावच्या, नगरसेविका, तोंडानं फटकळ आणि कामाला वाघीण. ताईंची कुंडली बुवांनी अशी काढली की शेठ नाचायचा बाकी राहिला. सेक्टरातल्या बागेसाठी आलेली व्यायामाची साधनं, ती पिवळ्या-निळ्या रंगाची, ती बागेत बसलीच नव्हती. ताईंच्या भावाच्या फार्महाऊसवर बसली होती. बुवा स्वतः रस्त्यावरून कुंपणापलीकडे बघून आले. ताईंची भावजय भर दुपारी त्यातल्या सायकलवर पाय मारत होती म्हणे.

नेहमीसारखे ते आधी ताईंच्या दारात गेले. मी बरोबर होते.

"ताय, बागंतला सायकल तुझ्या भावाच्या वारीत हाय. उंद्या मी बोलनार. तुला काय सांगायचं हाय?"

ताईंनी जे सांगितलं ते छापण्यासारखं नाही. शेवटचं वाक्य तेवढं लिहिते. "माज्या दारात परत पाऊल टाकलंस ना बुवा, तर कुत्रा सोडीन." दुसऱ्या दिवशी ते प्रकरण सगळीकडे गेलं. दोन दिवसांत साधनं बागेत परत आली, पोरं त्यावर लोंबकळायला लागली. मला आजही त्याचा अभिमान आहे. ते खणून काढायलाच हवं होतं आणि बुवांनी ते चोख काढलं.

पण ताई पडणार नाहीत, असं तरीही दिसत होतं. गाव त्यांच्यावर चिडलं आणि पुन्हा त्यांच्याकडे वळलं. प्रचार संपत आला तेव्हा शेठनं आम्हा दोघांना वाशीच्या कार्यालयात आत बोलावलं, दार लावलं आणि मोबाइल पुढे धरला.

ती एक क्लिप होती. ताईंच्या मुलीची. आजारपणातली, इस्पितळाच्या आत कुणीतरी चोरून काढलेली. एवढंच सांगते. आजार कुठला, ती क्लिपमध्ये काय करत होती, काय बोलत होती, हे मी लिहिणार नाही आणि कुणी विचारूही नये. ती मुलगी त्यातून बरी होऊन नुकती उभी राहिली होती. सेक्टरातल्या बालवाडीत शिकवायला जाऊ लागली होती. सकाळी तिच्यामागून पोरांची रांग जाताना मी पाहिली होती.

"गेम ओव्हर," शेठ म्हणाला. "स्वतःचं घर सांभाळता येत नाय, ती वॉर्ड काय सांभाळनार? एवढीच लाइन टाकायची. मॅडम, तुमी मस्त लिहा. बुवा, तुमी फक्त म्हना का व्हिडिओ खरा हाय. तुमच्या शब्दावर गाव इश्वास ठेवतो."

बुवांनी मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला. "यो मी बघितला नाय," ते म्हणाले. "आनि तू पन बघितला नाय."

"बुवा, इमोशनल होऊ नका. समोरच्यांनी माझं काय काय काढलं!"

"तुझं गटाराचं टेंडर काढलं. ते भाईरचं व्हतं. काढायलाच पायजे व्हतं."

शेठचा चेहरा पडला. मग त्यानं शांतपणे सांगितलं की उद्या दुपारी रॅली गावातून जाईल आणि रॅली संपली की क्लिप सगळ्या ग्रुपवर जाईल. तुमच्यासकट किंवा तुमच्याशिवाय. मी तिथेच सांगितलं की मी एक ओळही लिहिणार नाही. शेठ म्हणाला, लिहिणारे छप्पन्न मिळतात. ते खरंच होतं.

बाहेर येऊन मी बुवांना अक्षरशः रस्त्यात अडवलं. माझा संताप संताप होत होता. "तुमच्याकडे शेठचं सगळं आहे. त्याच्या घरचंसुद्धा. एक गोष्ट त्याच्या कानात सांगा, जागच्या जागी गप्प बसेल."

"त्याच्या घरी जेवलोय गो मी."

"तो त्या पोरीला जिवंत गाडायला निघालाय आणि तुम्ही जेवणाचं काय घेऊन बसलात?"

"मग त्याच्यात नि माझ्यात फरक काय ऱ्हायला?" ते म्हणाले. आवाज चढला होता. बुवा चढ्या आवाजात बोलले ते मी तेवढंच ऐकलं. "त्याच्या बायकोचं मी भाईर आनू? तिनी मना भाकरी वारली हाय. एका पोरीसाठी दुसरीला उघरी पाराची?"

मला त्यांचं पटलं नाही. त्या क्षणी मला तो म्हातारा हट्टी, जुनाट आणि निरुपयोगी वाटला. पोलिसांत जाऊ, म्हटलं. ते म्हणाले, तक्रार करायची तर क्लिप दाखवावी लागेल, ताईला बोलवावं लागेल, उद्या दुपारच्या आत सगळं गाव विचारेल कसली तक्रार. मग ते स्कूटरवर बसले आणि केशरी बाटली मला काढून दिली. "ही ठेव तुझ्याकरं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी रॅली गावात शिरली. ढोल, बेंजो, उघड्या जीपमध्ये हात जोडून उभा शेठ. ताईंचं घर देवळाच्या चौकात, रस्त्याला लागूनच. दोन्हीकडची माणसं ओट्यांवर उभी होती. मी गर्दीत होते, पिशवीत ती बाटली घेऊन. आणि बुवा रॅलीच्या पुढून चालत आले, थेट ताईंच्या दारात गेले. उंबऱ्याबाहेर उभे राहिले. पण त्या दिवशी त्यांनी चपला काढल्या.

"ताय," त्यांनी आवाज दिला. "पानी दे."

ढोल वाजवणाऱ्यांनी हात थांबवले. ते सगळे त्याच गावचे होते. बुवा निवडणुकीत पाणी मागतोय, तेही ताईंच्या दारात, याचा अर्थ लागायला त्यांना वेळ लागला नाही.

ताई दारात आल्या. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि बुवा सांगू शकत नव्हते. सांगितलं असतं तर त्यांनीच ते चौकटीबाहेर आणलं असतं.

"पानी?" ताई ओरडल्या. "माझी इज्जत चौकात मांडलीस नि मना पानी मागतंस? शेठनी पाठवलंय ना तमाशा कराला? जा, त्याच्या घरी जा, तिथं जेवतंस ना!"

"तहान लागलीय, ताय."

"मर मग तहानेनी."

त्या गावात दारात आलेल्याला कुणी असं बोललेलं मी तरी ऐकलं नाही. बुवा हलले नाहीत. तापलेल्या काँक्रीटवर अनवाणी उभे राहिले. उलव्यात पडलेला माणूस हा, मला वाटलं आता इथेही पडेल. मी बाटली घेऊन पुढे सरसावले तर त्यांनी नुसता हात वर केला. शेठ जीपमधून खाली उतरला होता. "बुवा, चला," तो म्हणाला, आधी हसून, मग न हसता. बुवांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तेवढ्यात ताईंच्या मागून ती आली. बालवाडीतून नुकती आली असावी, ओढणीला खडूचे डाग होते. हातात तांब्या आणि भांडं. आईनं तिचा हात धरला.

"सोड आये," ती म्हणाली. "म्हातारा मानूस हाय. पानीच मागतंय."

तिनं उंबरा ओलांडला आणि भांडं भरून त्यांच्या हातात दिलं. बुवांनी ते सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं. मग दुसरं मागून घेतलं. सगळं गाव बघत होतं. त्या मुलीला आपण काय करतोय याची कल्पना नव्हती, तिला फक्त एक घामाघूम म्हातारा दिसत होता. मला रडू फुटलं. मी डोळे पुसलेही नाहीत.

"बरा वाटला, बाय," बुवा म्हणाले. चपला घातल्या, आणि वळून रॅलीच्या मधून, शेठच्या अगदी शेजारून निघून गेले.

क्लिप गेली नाही. संध्याकाळी शेठच्या घरी त्याची स्वतःची आई ओट्यावर सगळ्यांदेखत त्याला विचारत होती, "बुवानी त्या घरचं पानी का पिलान? तू त्याला काय काराला सांगितलंस?" शेठ काय सांगणार होता? ती क्लिप आता कुठूनही बाहेर पडली असती तरी ती शेठनं पाडली, हे गावाला पक्कं झालं असतं. त्याला भावकीत तोंड दाखवायचं होतं.

ताई निवडून आल्या. शेठचा माणूस माझ्या दारात पाणी मागायला आला होता, अशी गोष्ट त्या भाषणांत रंगवून सांगतात आणि टाळ्या घेतात. बुवा एकदा समोर बसले होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. त्यांना पुन्हा कुणी काम दिलं नाही. मग त्यांनी एक उद्योग आरंभला. गावातल्या, सेक्टरातल्या एकेका दारात जायचं आणि पाणी मागायचं. ज्याच्या घरी चहा मिळेल तिथे चहा. "इतकी वर्सं ऱ्हायला ना प्यायचा," मला म्हणाले. "आनि आता बघ, सगल्यांचं पिलो. आता कोन मना काय विचारनार?" माझ्या वाशीच्या घरीही येऊन गेले. केशरी बाटली मी परत देऊ लागले तर घेतली नाही.

हे सगळं आता लिहायचं कारण आहे. यंदा ताई उभ्या राहणार नाहीत, त्यांची मुलगी उभी राहणार अशी बोलवा आहे. परवा मला एका मोठ्या प्रचार एजन्सीतून फोन आला. गोड आवाजाचा माणूस. म्हणाला, मॅम, त्या मुलीचं जुनं काहीतरी मेडिकल मॅटर आहे, एक व्हिडिओ होता म्हणे. तुम्ही तेव्हा तिथे होतात. तुम्ही सांगू शकत नसाल तर निदान त्या बुवांचा नंबर द्या.

मी म्हटलं, माझ्याकडून एक शब्द मिळणार नाही. आणि बुवा आता फोन वापरत नाहीत, पण घर सांगते. देवळाच्या मागे, निळं दार. जा. तुम्ही कोण, कशाला आलात, काही विचारायच्या आधी ते तुम्हाला बसवतील आणि पाण्याचं भांडं हातात देतील. ते पाणी प्या. सगळं प्या. आणि मग त्यांच्या तोंडाकडे बघून तुमचा प्रश्न विचारून दाखवा.